पाखंड आणि ढोंग: दोन वेगळे आरोप

ब्रह्मचर्यावर प्रवचनं झोडणारा एखादा बाबा भलत्याच भानगडीत सापडतो आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो: 'पाखंडी बाबाचा पर्दाफाश'. हा बाबा ढोंगी आहे. पाखंडी तो नाहीच.

ढोंगी माणूस चारचौघांना पटणारंच बोलतो, फक्त तसा वागत नाही. पाखंडी माणूस चारचौघांना पटलेलंच नाकारतो, तेही उघडपणे. १६३३ मध्ये रोमला गॅलिलिओवर खटला चालला तो पाखंडाच्या संशयावरून, पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मतापायी.

मुळात या शब्दात निंदाही नव्हती. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाने गिरनारच्या खडकावर कोरवलेला बारावा लेख सांगतो की राजा 'सव पासंडानि' पूजतो. पासंड हे पाखंडाचंच जुनं रूप, आणि त्याचा अर्थ पंथ, इतकंच. आपल्याच पंथाची थोरवी गाऊन दुसऱ्याच्या पंथाला उगाच नावं ठेवू नयेत, असंही त्यात बजावलंय. अशोकाच्याच, मूळच्या टोपरा गावच्या पण आज दिल्लीत असलेल्या स्तंभावर तर पासंडांची काळजी वाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या संदर्भात बौद्ध संघ, आजीविक (त्या काळचा एक संन्यासी पंथ) आणि निर्ग्रंथ, म्हणजे जैन, यांच्यासोबत ब्राह्मणांचंही नाव येतं. मला हे फार मोलाचं वाटतं: पुढे ज्यांनी हा शब्द शिवीसारखा वापरला, तेही कधीकाळी त्याच शब्दाखाली मोडत होते.

मनुस्मृतीपर्यंत वारं फिरलेलं दिसतं. चौथ्या अध्यायातला तिसावा श्लोक ज्यांचा शब्दानेही सत्कार करू नये अशांची यादी देतो. तीत पाषंडी आहे आणि बैडालव्रतिकही, म्हणजे मांजराचं व्रत घेतलेला. हा दुसरा कोण, ते त्याच अध्यायात पुढे येतं: धर्माचा झेंडा मिरवणारा, लोभी, कपटी. थोडक्यात, ढोंगी. यादी करणाऱ्याला दोघेही नकोसे होते, पण दोघांत त्याने गल्लत केली नाही.

पुराणांत वेद न मानणाऱ्यांना सर्रास पाषंड म्हटलेलं आढळतं. तिथून ढोंगापर्यंतची वाट अशी झाली असावी असं मला वाटतं: समोरच्याचं वेगळं मत मनापासूनचं असू शकतं हेच मान्य नसलं, की त्याचं वैराग्य, त्याची वस्त्रं, सगळंच सोंग ठरतं. हिंदीत आज पाखंड म्हणजे ढोंगच, आणि बातम्यांतून तोच अर्थ मराठीत मुरतोय. त्यामुळे कर्मकांड नाकारणाऱ्या प्रामाणिक माणसाला कुणी पाखंडी म्हटलं, की ऐकणाऱ्याला तो लबाड वाटतो. त्याचं म्हणणं काय होतं, हे मग कुणी विचारतही नाही.