केबलच्या तारेपासून चाइल्ड लॉकपर्यंत

१९९१मध्ये आखाती युद्धाची दृश्यं छपरावरच्या डिशने पकडून केबलवाला ती घरोघर पोचवू लागला, तेव्हा त्याच्यासाठी स्वतंत्र कायदाच नव्हता. सप्टेंबर १९९४मध्ये अध्यादेश निघाला आणि १९९५मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमन कायदा आला. त्याच्या १९९४च्या नियमांतल्या कार्यक्रम संहितेने सुरुची व सभ्यतेला धक्का देणाऱ्या कार्यक्रमांना मनाई केली. पण सभ्यता कशाला म्हणायची, ते ठरवणं सरकारच्या हाती राहिलं.

या वादाचा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा मुंबईतला आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. थिएटरच्या दारात 'ए' प्रमाणपत्र पाहून मुलांना अडवलं जातं, मग तोच चित्रपट दिवाणखान्यात कसा चालतो? डिसेंबर २००५मध्ये न्यायालयाने अशा चित्रपटांच्या केबल प्रसारणाला मज्जाव केला. ऑगस्ट २००६मध्ये पोलिसांनी कारवाई केली, तेव्हा मुंबईच्या पडद्यांवरून चित्रपट वाहिन्याच काही दिवस गायब झाल्या.

'नको असेल तर रिमोट दाबा' हे वाहिन्यांचं उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं. एका तारेतून सगळ्या वाहिन्या सरसकट घरात येत. आईवडील कामावर आणि मुलं दुपारी शाळेतून घरी, अशा घरात रिमोट कुणाच्या हाती असायचा? पण प्रौढ प्रेक्षकाचा हक्क काढून घेणं हेही उत्तर नव्हतं. २००७मध्ये एएक्सएन आणि एफटीव्ही या परदेशी वाहिन्यांवर दोन-दोन महिन्यांच्या बंदीचे आदेश निघाले. त्यात मूल आणि साठीचा माणूस एकाच मापाने मोजले गेले.

नोव्हेंबर २०१०मध्ये 'बिग बॉस' रात्री अकरानंतरच दाखवा, असं केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुढच्या वर्षी वाहिन्यांनी निवृत्त न्यायमूर्ती ए. पी. शाह यांच्या अध्यक्षतेखाली स्वतःची तक्रार परिषद नेमली.

खरा बदल तंत्राने घडवला. २०१२च्या अखेरीस मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, त्याबरोबर पालकांना नको ती वाहिनी बंद ठेवू देणारं चाइल्ड लॉक आलं. फेब्रुवारी २०१९पासून वाहिन्या निवडून तेवढ्याचेच पैसे भरायची सोय झाली. केंद्राच्या २०२१च्या नियमांनी ओटीटीला, म्हणजे इंटरनेटवरून कार्यक्रम दाखवणाऱ्या सेवांना, वयोगटाची श्रेणी दाखवणं आणि प्रौढ मजकुराला कुलूप देणं बंधनकारक केलं. आता एकाच टीव्हीवर ओटीटी उघडलं की वयाची श्रेणी दिसते, केबल लावली की १९९४चीच संहिता चालते.