खालची कवळी घोटाबरोबर का उचलते

इंदूरच्या मराठी घरांत नेहमीचं दृश्य: पाहुणे आले की आजोबांची खालची कवळी तोंडात, आणि पोह्यांची बशी पुढे आली की तीच वाटीतल्या पाण्यात. वरची मात्र जागची हलत नाही. दोष चावण्याला दिला जातो, पण गिळणंही त्यात तितकंच सामील असतं. 1965 साली मोजणी झाली तेव्हा माणूस दिवसाला सरासरी 600च्या आसपास घोट गिळतो असं दिसलं. त्यातले बरेचसे नुसत्या लाळेचे.

18व्या शतकात पॅरिसचे दंतवैद्य पिअर फोशार यांनी वरची आणि खालची कवळी स्प्रिंगांनी जोडली. कवळ्या हिरड्यांवर दाबल्या जायच्या खऱ्या, पण तोंड मिटून ठेवायला सतत जोर लागायचा. पुढे 1850च्या दशकात व्हल्कनाइट, म्हणजे गंधकानं कडक केलेलं रबर आलं, आणि 1930च्या दशकाअखेर अ‍ॅक्रिलिक. तळ मापात बसू लागला, वरच्या कवळीचा प्रश्न बराचसा सुटला: टाळू, लाळेचा पातळ थर आणि बंद कडा तिला धरून ठेवतात. खाली टाळू कुठला? घोड्याच्या नालेसारखी अरुंद पट्टी, आत जीभ, बाहेर गाल-ओठ.

या गाल-ओठांकडे शत्रू म्हणून पाहणं 1933मध्ये दंततज्ज्ञ विल्फ्रेड फिश यांनी मोडलं. हिरडीवर टेकणारा आणि चावणारा, असे दोनच पृष्ठभाग लोक धरत. फिश यांनी तिसरा, बाहेरचा गुळगुळीत पृष्ठभागही तितकाच मोलाचा ठरवला. तो नीट उतरता असेल तर गालाचा बक्सिनेटर स्नायू कवळीला खाली दाबतो. फुगीर किंवा उलट्या उताराचा असेल तर तोच तिला उचलतो. इंदूरला 1961मध्ये शासकीय दंत महाविद्यालय सुरू झालं तोवर कोणता स्नायू नेमका केव्हा काम करतो हे ईएमजीच्या, म्हणजे स्नायूंतली विद्युत हालचाल टिपणाऱ्या तपासणीच्या, आलेखावर पाहता येऊ लागलं होतं.

घोट घेताना ओठ मिटतात, दात क्षणभर टेकतात, जीभ टाळूला भिडते, तोंडाचा तळ वर येतो. ओठांच्या कोपऱ्याशी मोडिओलस नावाची स्नायूंची गाठ असते. ती आवळली की खालच्या प्रीमोलरपाशी, म्हणजे सुळ्यामागच्या छोट्या दाढांपाशी, गाल आत दाबला जातो. तिथे कवळी जाड ठेवली की ती सटकलीच. हनुवटीचा मेंटॅलिस स्नायू त्याहून त्रासदायक. संशोधक तालग्रेन यांच्या 1972च्या दीर्घ अभ्यासात खालच्या जबड्याच्या हाडाच्या कडेची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली. कड झिजली की मेंटॅलिसचं मूळ जवळजवळ तिच्या माथ्यावर येतं, आणि ओठ वर ओढला की कवळी मागे ढकलली जाते.

कवळीची उंची चुकली तरी हेच. विश्रांतीत वरच्या-खालच्या दातांत साधारण 2 ते 4 मिमी अंतर हवं. ते नसेल तर ओठ बळजबरीनं मिटावे लागतात आणि हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडतात.

1970च्या दशकात तटस्थ पट्ट्याचं, म्हणजे जीभ आणि गाल-ओठांचे दाब जिथे एकमेकांना तोलतात त्या जागेचं, तंत्र रुळलं: तळावर साचा घेण्याचं मऊ कंपाउंड ठेवायचं, रुग्णाला कोमट पाणी गिळायला लावायचं, ओठ चंबूसारखे करायला लावायचे, आणि जीभ-गालांनी जिथे साचा घडवला तिथेच दात बसवायचे. बरीच वर्षं कवळी वापरलेल्यांचे स्नायू जुन्या आकाराला सरावलेले असतात, म्हणून नवी करायला जाताना जुनीही सोबत न्यावी, अगदी तडा गेलेली असली तरी.