कार्बोनारी आणि ‘यंग इटली’: हरले दोघेही, पण एकाच कारणाने नाही

स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत इटलीच्या एकीकरणाचा पहिला टप्पा बहुधा दोन ओळींत आटोपतो. कार्बोनारी ही गुप्त संघटना, मग मॅझिनीची ‘यंग इटली’, दोघांचे उठाव फसले, पुढे उत्तर इटलीतल्या पिडमाँट राज्याचा पंतप्रधान काव्हूर आला. वाचणाऱ्याच्या डोक्यात मग या दोन्ही संघटना एक होऊन बसतात. तशी गफलत व्हावी असं साम्यही आहे: दोन्ही गुप्त, दोघींचा मोठा वैरी ऑस्ट्रिया, आणि मॅझिनी स्वतः आधी कार्बोनारीच होता. पण कार्बोनारींच्या हाती सत्ता आली, तेव्हा तिचं करायचं काय यावर त्यांच्यात एकवाक्यता नव्हती. यंग इटलीचं उद्दिष्ट पक्कं होतं, आणि तिच्या हाती काहीच लागलं नाही.

नेपोलियनचा मेहुणा म्यूरा नेपल्सच्या गादीवर होता, त्या काळात कार्बोनारी दक्षिण इटलीत फोफावले. कोळसा पाडणाऱ्यांच्या धंद्यातून घेतलेले विधी, शपथा, खाणाखुणा असा सगळा थाट. सभासदांत लष्करी अधिकारी, वकील, छोटे जमीनदार आणि चक्क पाद्रीसुद्धा. जुलै १८२० मध्ये नोलाच्या छावणीतून मोरेल्ली आणि सिल्वाती हे दोन अधिकारी घोडेस्वारांची तुकडी घेऊन निघाले. आठवड्याच्या आत राजा पहिला फर्डिनंड नमला आणि स्पेनची १८१२ ची राज्यघटना त्याने मान्य केली.

खरी अडचण इथून सुरू झाली. मागणी राज्यघटनेची होती, अखंड इटलीची नव्हे. राजा हवाच होता, फक्त कायद्याने बांधलेला. सिसिलीतल्या पालेर्मोने स्वतःचं वेगळं सरकार मागितलं, तेव्हा नेपल्सच्या क्रांतिकारी सरकारने तिथे फौज धाडली. १८२१ च्या सुरुवातीला फर्डिनंड संसदेच्या परवानगीने युरोपातल्या बड्या सत्तांच्या लायबाखच्या (आजच्या ल्युब्लियानाच्या) परिषदेला गेला आणि तिथे त्याने घटनेवर पाणी सोडलं. ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री मेटरनिख याला तेच हवं होतं. मार्चमध्ये रिएतीजवळ नेपल्सच्या जनरल पेपेची फौज उधळली आणि ऑस्ट्रियन सैन्य नेपल्समध्ये शिरलं. राजाला परवानगी देणारी संसद भाबडी म्हणावी की अगतिक, हे ठरवणं अवघड आहे. त्याच महिन्यात पिडमाँटमध्येही उठाव झाला. कार्यवाहक राजप्रतिनिधी चार्ल्स आल्बर्टने राज्यघटना दिली, पण नव्या राजाने, चार्ल्स फेलिक्सने, ती धुडकावताच तो बंडवाल्यांना सोडून निघून गेला. हे नाव लक्षात ठेवा.

माझ्या मते सगळ्यांत बोलका प्रसंग १८३१ चा. मोडेनात चिरो मेनोत्तीने खुद्द ड्यूक चौथ्या फ्रान्सिसवर भरवसा ठेवला. ड्यूकने उठावाच्या ऐन तोंडावर त्याला पकडलं आणि मे महिन्यात फासावर चढवलं. शेजारच्या बोलोन्यात मात्र क्रांतिकारी सरकार आलं होतं. ऑस्ट्रियन फौज चालून आल्यावर मोडेनाचे बंडखोर सैनिक माघार घेत बोलोन्याच्या हद्दीत आले. तिथल्या सरकारने त्यांना परके ठरवून त्यांची शस्त्रं काढून घेतली! कुणी परक्याच्या भानगडीत पडायचं नाही हे तत्त्व आपण पाळलं, तर फ्रान्स ते ऑस्ट्रियालाही पाळायला लावेल, असा हिशेब होता. फ्रान्स हलला नाही.

मॅझिनीने हे सारं पाहिलं. सावोनाच्या किल्ल्यात कैद भोगून तो देशाबाहेर पडला आणि १८३१ मध्येच मार्सेयला त्याने यंग इटली स्थापन केली. एकच इटली, तीही प्रजासत्ताक. राजांवर विसंबायचं नाही, परक्यांच्या मदतीची वाट पाहायची नाही. चाळिशी उलटलेल्यांना सहसा प्रवेश नाही. कट गुप्त, पण विचार छापून वाटायचा. नाशिकला १९०४ मध्ये सावरकरांनी ‘अभिनव भारत’ उभी केली ती याच धर्तीवर, कार्बोनारींच्या नव्हे.

प्रत्यक्षात काय झालं? १८३३ चा पिडमाँटमधला कट आधीच फुटला. बाराजणांना देहदंड झाला, मॅझिनीचा जिवलग मित्र याकोपो रुफिनी याने तुरुंगात जीव दिला. या शिक्षांमागे होता पिडमाँटचा नवा राजा, म्हणजे तोच चार्ल्स आल्बर्ट. इथे ऑस्ट्रियाला फौज पाठवायचीही गरज पडली नाही. १८३४ मध्ये पिडमाँटच्याच राज्यातल्या साव्हॉयवरची स्वारी जनरल रामोरिनोच्या चालढकलीत बारगळली. त्याच कटात अडकलेला, पुढे एकीकरणाचा सेनानी म्हणून गाजलेला गॅरिबाल्डी फाशीची शिक्षा चुकवून पुढे दक्षिण अमेरिकेत पोचला.

मॅझिनीची भिस्त गनिमी काव्यावर होती, आणि गनिमी काव्याला खेडी लागतात. शेतकऱ्याला जमीन हवी होती, कर कमी हवे होते. वर्गावर्गांत भांडण नको म्हणून मॅझिनी जमिनीच्या प्रश्नाला हात घालायला कचरत होता, आणि छापलेली पत्रकं निरक्षर गावात वाचणार कोण? कार्बोनारीही शेतकऱ्यापर्यंत फारसे पोचले नव्हते, पण त्यांच्या हाताशी निदान पलटणी होत्या.

शेतकरी सोबत हवा हे कळलेला माणूस होता कार्लो पिसाकाने. जमिनीचा प्रश्न सुटल्याशिवाय क्रांती नाही असं तो उघड म्हणत असे. मॅझिनीच्या पाठिंब्याने तो १८५७ मध्ये पोंझा बेटावरचे कैदी सोडवून साप्रीच्या किनाऱ्यावर उतरला. गावकऱ्यांना ही टोळी दरोडेखोरांची वाटली. सांझा गावाजवळ पिसाकानेचा अंत झाला, तो त्याच शेतकऱ्यांच्या हल्ल्यात.