नगरसेवकाला मुदतीआधी घरी पाठवता येतं का? ठाणे-नवी मुंबईच्या मतदारासाठी पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

घोडबंदर रोडवरच्या आमच्या संकुलात परवा एक कागद फिरत होता. वर ठळक अक्षरात 'नगरसेवक परत बोलवा', खाली नाव, फ्लॅट नंबर, सही. टँकरच्या बिलांना कंटाळलेल्या लोकांनी भराभर सह्या ठोकल्या. मीही केली, शेजारधर्म म्हणून. मग कागद फिरवणाऱ्या काकांना विचारलं, हे देणार कुणाला? ते म्हणाले, "आयुक्तांना. नाहीतर निवडणूक आयोगाला."

दोन्हीकडे त्या कागदाला आवक क्रमांक मिळेल आणि पुढे काहीच होणार नाही. महाराष्ट्रात मतदारांच्या सह्यांवर नगरसेवकाला परत बोलावण्याची तरतूदच नाही. सह्या सहाशे असोत की साठ हजार. जयप्रकाश नारायणांनी ही मागणी १९७४ मध्ये केली, अण्णा हजारेंनी ती पुन्हा उचलून धरली, पण आपल्या महापालिका कायद्यात ती आलेली नाही. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षासाठी तशी सोय आहे. तिथे मतदानाला 'खाली कुर्सी' (रिकामी खुर्ची) आणि 'भरी कुर्सी' (भरलेली खुर्ची) अशी दोन चित्रं असतात, त्यातलं एक निवडायचं. पण तिथेसुद्धा आधी तीन चतुर्थांश नगरसेवकांना सह्या कराव्या लागतात. मतदाराची पाळी त्यानंतर.

मग आपल्याकडे आहे काय? अपात्रता. नगरसेवक कामाचा आहे की बिनकामाचा, याच्याशी कायद्याला काही घेणं नाही. त्याने ठरावीक नियम मोडला का, एवढंच तो बघतो. 'फोन उचलत नाही', 'प्रभागात फिरकत नाही', 'फक्त बॅनरवर दिसतो' यातलं एकही कारण अर्जात चालत नाही. हे पचायला जड आहे, पण एकदा पचलं की पुढचे दोन महिने वाया जात नाहीत.

अर्ज कुणा एकाविरुद्धच करावा लागतो, हेही ध्यानात ठेवा. १५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत ठाण्यात ३३ प्रभागांतून १३१ आणि नवी मुंबईत २८ प्रभागांतून १११ नगरसेवक निवडून आले. म्हणजे बहुतेक प्रभागांत चार-चार. 'आमचा नगरसेवक' म्हणताना त्या चौघांतला नेमका कोण, कोणत्या जागेवरचा, अ, ब, क की ड, हे अर्जाच्या पहिल्या ओळीत यायला हवं. आमच्या संकुलाच्या कागदावर ते नव्हतंच.

कोणत्या कारणाने पद जातं

दोन्ही शहरांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. अपात्रतेची कारणं मुख्यतः कलम १० मध्ये आहेत. दोनपेक्षा जास्त अपत्यं (१२ सप्टेंबर २००१ नंतर झालेलं अपत्य धरून), महापालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध, निवडणूक खर्चाचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत न देणं, ही नेहमीची. राखीव जागेवरून निवडून आलेल्याने जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर कलम ५ब खाली पद जातं. सबळ कारण नसताना सलग तीन महिने महापालिकेच्या सभांना दांडी मारली तरी पद धोक्यात येतं. पण हजेरीपुस्तकावर येऊन सही करून चहा पिऊन गेलेला माणूस कायद्याच्या लेखी हजरच असतो.

आपल्या भागात खरं वजन आहे ते कलम १०(१ड) ला. नगरसेवकाने स्वतः, जोडीदाराने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुणी अनधिकृत बांधकाम केलं, तर तो अपात्र ठरतो. एवढंच नाही. नगरसेवक म्हणून अशा बांधकामाला मदत केली, किंवा पाडायला आलेल्या अधिकाऱ्याला लेखी पत्राने अथवा प्रत्यक्ष उभं राहून अडवलं, तरीही अपात्र. बुलडोझरसमोर उभा राहिलेला नगरसेवक आपण टीव्हीवर पाहतो आणि त्याचे कार्यकर्ते त्याचा व्हिडिओ अभिमानाने फिरवतात. तो व्हिडिओ पुरावा आहे. 'सदर बांधकामावरील कारवाई थांबवावी' असं स्वतःच्या लेटरहेडवर लिहून देणारे तर अर्धं काम आपलंच करून ठेवतात.

नवी मुंबईत याच कलमाला एक काटा आहे. तिथल्या मूळ गावांतल्या प्रकल्पग्रस्तांची 'गरजेपोटी' बांधलेली घरं आणि ती नियमित करण्याचा वर्षानुवर्षांचा वाद सगळ्यांना माहीत आहे. गावठाणातून निवडून आलेल्या नगरसेवकाचं राहतं घरच या व्याख्येत बसू शकतं. अर्ज करणाऱ्याने अशा घराच्या मागे लागायचं की गावाबाहेर उठवलेल्या सात मजली इमारतीच्या, हे आधी ठरवावं. माझं मत विचाराल तर पहिल्यात गाव अंगावर येतं आणि हाती काही लागत नाही.

पक्ष बदलला म्हणून? त्याला वेगळा कायदा आहे, १९८६ चा. महापालिकेपुरता त्याचा निकाल विभागीय आयुक्त देतात, म्हणजे बेलापूरचं कोकण भवन. निवडणुकीचा निकाल लागल्या-लागल्या सगळे पक्ष गटनोंदणीसाठी तिकडे धावतात ते यासाठीच. पण तो अर्ज साधारणपणे पक्षाकडून, गटनेत्याकडून होतो. मतदाराने त्यात वेळ घालवू नये.

अर्ज कोण करू शकतो, कुठे

निवडणुकीलाच आव्हान द्यायचं असेल, म्हणजे उमेदवार मुळात पात्रच नव्हता किंवा निवडणुकीत गैरप्रकार झाला, तर कलम १६ खाली महापालिकेच्या मतदार यादीत नाव असलेला कुणीही थेट न्यायाधीशांकडे जाऊ शकतो. कायद्यात मतदाराला दिलेला हा सगळ्यात सरळ रस्ता. मुदत मात्र निकालापासून फक्त १० दिवस. जानेवारीच्या निकालाची ती केव्हाच संपली.

निवडून आल्यानंतर अपात्रता आली, असं म्हणायचं असेल तर कलम १२. नगरसेवकाचं पद गेलं की नाही अशी शंका किंवा वाद उभा राहिला, तर तो नगरसेवक स्वतः किंवा दुसरा कोणताही नगरसेवक तो प्रश्न न्यायाधीशांकडे पाठवू शकतो, आणि महापालिकेने विनंती केली तर महापालिका आयुक्तांना पाठवावाच लागतो. या यादीत मतदार नाही! म्हणून आपला अर्ज जातो आयुक्तांकडे, आणि त्याची एक प्रत प्रभागातल्या अशा नगरसेवकाकडे जाते, ज्याला हे प्रकरण पुढे गेलेलं आवडेल. असा एक तरी सापडतोच, चौघांत दोन पक्ष असतील तर शेजारच्याच खुर्चीत. गैरवर्तनाबद्दल नगरसेवकाला काढण्याचा अधिकार कलम १३ खाली राज्य शासनाला आहे. तो अर्ज मंत्रालयात नगर विकास विभागाकडे करायचा. आयुक्त फायलीवर बसून राहिले तर उरतो उच्च न्यायालयातला रिट अर्ज. त्याला वकील लागतोच.

कागदपत्रं

अर्जदाराचं म्हणून फारसं काही लागत नाही. मतदार ओळखपत्राची प्रत, मतदार यादीतल्या आपल्या नोंदीची प्रत (भाग क्रमांक आणि अनुक्रमांकासह), पत्त्याचा पुरावा आणि अर्जातला मजकूर खरा असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. सगळी मेहनत समोरच्याविरुद्धच्या कागदांची.

सुरुवात त्याच्याच उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रापासून करा. त्यात मालमत्ता, अपत्यं, गुन्हे सगळं त्याने स्वतःच्या सहीने लिहिलेलं असतं. मग अनधिकृत बांधकामाची फाईल. ती मुख्यालयात नसते, प्रभाग समितीत असते. ठाण्यात नौपाडा-कोपरी, माजिवडा-मानपाडा, कळवा, मुंब्रा, दिवा अशा समित्यांच्या सहाय्यक आयुक्तांकडे. नवी मुंबईत बेलापूर, वाशी, तुर्भे, घणसोली, दिघा अशा विभाग कार्यालयांत. महापालिका कायद्याच्या कलम २६० किंवा २६७ ची नोटीस, नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस, पंचनामा, पाडकामाचा अहवाल, मालमत्ता करात लावलेली शास्ती (दंड), हे मागायचं. घर कुणाच्या नावावर कर भरतं हे त्या शेवटच्या कागदावरून कळतं, आणि नातं जोडायला तोच उपयोगी पडतो. सभांची हजेरी मिळते नगरसचिवांकडे.

हे सगळं माहिती अधिकारात. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे 'सर्व माहिती द्यावी' लिहिलं की अर्ज निकाली. नुसत्या प्रती मागू नका, आधी अभिलेख पाहणी मागा. फाईल समोर ठेवून घेतली, पानांवर क्रमांक आहेत का ते बघितलं, हवी ती पानं टिपून घेतली आणि मग त्यांच्याच प्रमाणित प्रती मागितल्या, की 'कागद आढळून येत नाही' हे उत्तर द्यायला जागा राहत नाही.

गावात सरपंच असेल तर

ठाणे तालुका आता सगळा शहरी, पण कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड आणि अंबरनाथ तालुक्यांत ग्रामपंचायती आहेत. परत बोलावण्याच्या सगळ्यात जवळ जाणारी पद्धत तिथेच आहे. नवी मुंबईत आलेल्या १४ गावांची गंमत अशी, की शहरात येताना त्यांना नळ आणि रस्त्यांचं आश्वासन मिळालं आणि ग्रामसभा मागे राहिली.

थेट जनतेतून निवडलेल्या सरपंचावर अविश्वास आणायचा तर ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चं कलम ३५. निवड झाल्यापासून पहिली दोन वर्षं आणि पंचायतीची मुदत संपण्याआधीचे सहा महिने प्रस्ताव आणता येत नाही. सुरुवात इथेही मतदार करत नाही, दोन तृतीयांश सदस्य करतात. बसण्याचा आणि मत देण्याचा हक्क असलेले १२ जण असतील तर नोटिशीवर ८ सह्या लागतात. नोटीस ठरलेल्या नमुन्यात, मूळ प्रतीसोबत सात जादा प्रती जोडून तहसीलदारांकडे द्यायची. तहसीलदार सात दिवसांच्या आत सभा बोलावतात. तिथे तीन चतुर्थांश, म्हणजे १२ पैकी ९ मतं पडली तरी सरपंच लगेच जात नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली विशेष ग्रामसभा होते आणि गावकरी गुप्त मतदानाने त्या ठरावावर शिक्का मारतात किंवा तो उडवून लावतात. सदस्यांनी एकमताने काढलेला सरपंच ग्रामसभेने परत बसवला, असं काही गावांत झालंय. सरपंचाला ठराव मान्य नसेल तर सात दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

सदस्य फोडण्यापेक्षा गावात बरेचदा सोपं पडतं ते सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाचं कारण. त्याचा अर्ज याच ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १६ खाली थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे, ठाण्यात कोर्ट नाक्याला. सोबत ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घर कुणाच्या नावावर आहे याची नोंद), गुरचरणाचा किंवा शासकीय जमिनीचा सातबारा, तलाठ्याचा पंचनामा आणि जमलं तर भूमी अभिलेखची मोजणी. अतिक्रमण वडिलांनी केलं, मी फक्त राहतो, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जनाबाई प्रकरणात मानला नाही. ते प्रकरणही महाराष्ट्रातल्याच ग्रामपंचायतीचं.

आमच्या काकांचा सह्यांचा कागद सध्या सोसायटीच्या ऑफिसात पडून आहे. त्याऐवजी माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीला माहिती अधिकाराचा अर्ज करायचं ठरलंय. काकांनी पहिला मसुदा लिहून आणला, त्यात टँकर, खड्डे, नालेसफाई, २०१७ सालची आश्वासनं, सगळं आलं होतं. शब्द मोजले, ४१२ भरले. आता एका बांधकामाची एक नोटीस, एवढ्यावर आणतोय.