घरी स्पॅनिश बोलतात, तेवढ्यावर शिक्षक होता येतं का?

अमेरिकेत वर्षानुवर्षं ऐकू येतं: घरात स्पॅनिश बोलतात, मग शाळेत ती शिकवायला वेगळी तयारी कशाला? हा समज चुकीचा आहे. सरकारी शाळेत कायम शिकवायचं तर राज्याचा परवाना लागतो. त्यासाठीचे अनेक कॉलेज अभ्यासक्रम ‘ॲक्टफल’ या भाषाशिक्षणाच्या अमेरिकी संस्थेच्या तोंडी मुलाखतीत ‘ॲडव्हान्स्ड लो’ ही पातळी (प्रगत गटाची पहिली पायरी) मागतात.

मुलाखत 15 ते 30 मिनिटांची असते आणि घरची भाषा नेमकी इथे अडखळते. घरी सुट्या वाक्यांवर भागतं. इथे मात्र परिच्छेदभर सलग हकिकत सांगावी लागते, तीही भूत, वर्तमान, भविष्य अशा तिन्ही काळांत. मग परीक्षक एखादा बाका प्रसंग देतो, त्यातून वाट काढायची. ‘आब्ले’ (बोललो) आणि ‘आब्लाबा’ (बोलायचो) यांची एखादी गल्लत खपून जाते. पण हकिकत मधेच तुटत राहिली, की त्याखालच्या ‘इंटरमीजिएट हाय’ पातळीवरच अडकायला होतं. उच्चार कितीही अस्सल असोत, त्याने ही उणीव भरून निघत नाही.

म्हणून सराव मुलाखत दुसऱ्या वर्षीच द्या. शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष वर्गावर शिकवण्याचं सत्र असतं. तेव्हा भाषेच्या तयारीला वेळ उरत नाही.