‘ए’ की ‘एफ’? खिडक्या दोन्हीकडे, डोंगर एकीकडेच

विमानातली सीट निवडायच्या नकाशात ‘ए’ आणि ‘एफ’ अगदी सारख्या दिसतात. दोन्ही खिडकीच्या, पैसेही बहुधा तेवढेच. पण दिल्लीहून काठमांडूला जाताना हवा स्वच्छ असेल तर ‘ए’वाल्यासमोर धवलगिरी (8,167 मीटर), अन्नपूर्णा, मनास्लू अशी रांगच उभी राहते, आणि ‘एफ’वाला गंगेच्या मैदानातलं धुरकं बघत बसतो.

एअरबस 320 किंवा बोइंग 737 मध्ये, म्हणजे मधे एकच वाट आणि दोन्हीकडे तीन-तीन सीटा असतात तिथे, ‘ए’ डावीकडची आणि ‘एफ’ उजवीकडची. दोन वाटांच्या मोठ्या विमानात मात्र ‘एफ’ मधल्या ओळीत येते. तिथली उजवी खिडकी बहुधा ‘के’ असते. तेव्हा अक्षर पाठ करून उपयोग नाही, विमान कुठल्या दिशेला चाललंय ते बघा. पूर्वेला निघालात की डावा हात उत्तरेकडे, आणि हिमालय उत्तरेला. परतताना सगळं उलटं, म्हणजे ‘एफ’ घ्यायची. दोन्ही वेळा हौसेने ‘ए’ घेणारे कितीतरी सापडतील!

काठमांडूच्या विमानात एव्हरेस्टसाठी मान वाकडी करून बसणारेही असतात. एव्हरेस्ट काठमांडूच्याही पूर्वेला आहे; त्याच्या समोर यायच्या आतच विमान उतरतं. तो हवा असेल तर दिल्ली-बागडोगरा बरं. त्या वाटेवर निरभ्र दिवशी एव्हरेस्ट आणि उतरण्याआधी कांचनजंगा (8,586 मीटर), दोन्ही डावीकडे. शिवाय ऊन दक्षिणेकडचं, म्हणजे उजव्या खिडकीच्या काचेवरचा प्रत्येक ओरखडा चमकतो आणि डावीकडे बर्फ छान उजळलेलं दिसतं.

मुंबई-गोव्याला निवड जरा अवघड आहे. विमान जुहूकडून समुद्रावर झेपावून डावीकडे वळलं, तर पहिली काही मिनिटं ‘ए’ची: वांद्रे, सी-लिंक, दक्षिण मुंबई. पुढची सरळ वाट किनाऱ्याच्या किंचित आतून जाते, त्यामुळे खाड्या, पुळणी, बंदरं उजवीकडे आणि सह्याद्री डावीकडे. मला विचाराल तर ‘एफ’. सकाळी ऊन पूर्वेचं असल्याने किनारा लख्ख दिसतो आणि संध्याकाळी सूर्यास्त त्याच बाजूला. पावसाळ्यात मात्र दोन्हीकडे ढगच, पैसे वाचवा.

ढगांतही एक गंमत असते. कोकणकड्यावरून दिसतं ते इंद्रवज्र विमानातूनही दिसतं: खालच्या ढगांवर विमानाची सावली आणि तिच्याभोवती रंगीत कडं. ते नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला. सकाळी दक्षिणेला जाताना उजवी खिडकी, संध्याकाळी डावी.

बाजू बरोबर निवडूनही खिडकीत नुसता पंख दिसला तर काय करणार? एअरबस 320 मध्ये साधारण दहाव्या ते विसाव्या रांगेपर्यंत खाली पंखच असतो. पंखाच्या मागे बसलं तर इंजिनाच्या गरम हवेमुळे देखावा थरथरतो, फोटो धूसर येतात. म्हणून पुढच्या रांगा बऱ्या. बोइंग 737 च्या काही रांगांत, पंखाच्या जरा पुढे, खिडकीच नसते. वातानुकूलनाची नळी तिथून जाते, म्हणून नुसती भिंत. तिकिटावर मात्र ती खिडकीचीच सीट. कोल्हापूरसारख्या विमानतळावर येणाऱ्या एटीआरला, म्हणजे पुढे फिरते पंखे असलेल्या छोट्या विमानाला, ही कटकट कमी. तिचे पंख खिडक्यांच्या वर असतात आणि ती उडतेही खालून, त्यामुळे रस्ते आणि धरणंसुद्धा ओळखू येतात. फक्त फिरत्या पंख्याच्या शेजारची रांग टाळा, तिथे आवाज फार.