फिंच घराणं (टू किल अ मॉकिंगबर्ड)

हार्पर ली यांच्या १९६० सालच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' कादंबरीतलं अ‍ॅटिकस, त्याचा मुलगा जेम आणि गोष्ट सांगणारी मुलगी स्काउट यांचं घराणं. फिंच हे आडनाव लेखिकेच्या आईच्या माहेरचं, आणि वडील अ‍ॅटिकससारखेच अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात वकील.

मूळपुरुष सायमन फिंच. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा, औषधं बनवायचा, फरसाठी जनावरंही पकडायचा, देवाधर्माचा पक्का पण चिक्कूपणात त्याहून पक्का. सायमन स्वतः मेथॉडिस्ट, आणि तिकडे या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा छळ चाललेला, तो बघवेना म्हणून निघाला तो आधी फिलाडेल्फिया, मग जमैका, मग अलाबामातलं मोबील बंदर आणि तिथून सेंट स्टीफन्स गाव, जिथे डॉक्टरकी करून त्याने बक्कळ पैसा केला.

खरा मुद्दा इथून पुढे आहे. मेथॉडिस्टांचे गुरू जॉन वेस्ली गुलामगिरीच्या कडक विरोधात होते, १७७४ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तिकाच काढली होती. सायमनला सोनंनाणं, भारी कपडे यांच्या मोहाची भीती वाटायची पण माणसं विकत घेऊ नयेत हे गुरूचं सांगणं तो विसरला, तीन गुलाम घेतले आणि त्यांच्या कष्टावर सेंट स्टीफन्सपासून साधारण ४० मैल वर, अलाबामा नदीकाठी बस्तान बसवलं. तेच फिंचेस लँडिंग. त्या तिघांची नावं स्काउट सांगत नाही, सगळं एका वाक्यात उरकतं म्हणून वाचताना निसटून जातं, पण टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसावरचा खोटा खटला वाचताना ते वाक्य आठवायलाच हवं.

सायमनचं घर बघण्यासारखं आहे. आठ मुली, एकच मुलगा वेलकम. मुलींच्या खोल्यांकडे जाणारा जिना आईबापांच्या बेडरूममधून, म्हणजे रात्री कोण कधी आलं-गेलं ते सायमनला कळणारच. मुलाला आणि पाहुण्यांना वेगळा जिना.

पुढच्या पिढ्या कापसावर जगल्या, अमेरिकेच्या यादवी युद्धात जमीन सोडून सगळं गेलं. अ‍ॅटिकस वकिलीसाठी माँटगोमेरीला आणि धाकटा भाऊ जॅक डॉक्टरकी शिकायला बोस्टनला गेला, लँडिंगवर राहिली बहीण अलेक्झांड्रा. घराण्याचा अभिमान तिलाच सगळ्यात जास्त. तिच्या सांगण्यावरून अ‍ॅटिकस एका रात्री मुलांना 'आपण साध्यासुध्या घरातले नाही' हे समजवायला जातो, स्काउटला रडू येतं, आणि शेवटी तोच म्हणतो, विसरून जा.